‘देव नाही’ या दोन शब्दांत किती मावतं?

“देव आहे असं मला वाटत नाही.” हे वाक्य मराठीत रोज बोललं जातं, आणि नास्तिकतेवरचे निम्मे वाद या एका वाक्यातच अडकून पडतात. कारण ते दोन प्रकारे ऐकू येतं. एक अर्थ: देव आहे हे पटण्यासारखं मला काही सापडलेलं नाही, म्हणून मी ते मानत नाही. दुसरा अर्थ: देव नाही, असं माझं मत आहे. ‘वाटत’ या क्रियापदाला लावलेला नकार मराठीत सहज सरकतो आणि आतल्या वाक्याला जाऊन चिकटतो. “तो येईल असं वाटत नाही” असं कुणी म्हटलं की आपण ‘तो येणार नाही’ असंच धरून चालतो. रोजच्या बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. पण नास्तिकता ही श्रद्धा आहे, मत आहे, की मार्क्सवादासारखी अख्खी विचारप्रणाली आहे, हे ठरवायचं असेल तर हा सरकणारा नकार आधी जागेवर धरून ठेवावा लागतो.

समोरच्या झाडाला किती पानं आहेत ते कुणी मोजलेलं नाही. कुणीतरी म्हणतं, “पानांची संख्या सम आहे.” तुम्ही विचारता, “कशावरून?” उत्तर मिळत नाही, म्हणून तुम्ही ते मानत नाही. संख्या विषम आहे असं मात्र तुम्ही म्हटलेलं नाही. न मानणं वेगळं आणि उलट मानणं वेगळं. ब्रिटिश तत्त्वज्ञ अँटनी फ्लू यांनी 1970च्या दशकात नेमका हाच मुद्दा मांडला. नास्तिक म्हणजे ‘देव नाही’ असं ठामपणे सांगणारा नव्हे, तर फक्त ‘देव मानत नसलेला’, असा अर्थ धरावा, असं त्यांचं म्हणणं होतं. फौजदारी खटल्यात आरोपीला आधी निर्दोष धरतात आणि पुरावा देण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते, तसंच इथेही ‘आहे’ म्हणणाऱ्याने आधी पुरावा द्यावा.

ही मांडणी आज लोकप्रिय आहे. ‘नास्तिकता म्हणजे फक्त अभाव, ती विचारप्रणाली कशी असेल?’ हा युक्तिवाद तिच्यातूनच येतो. तो अर्धाच खरा आहे.

झाडाच्या पानांबाबत आपण खरोखर मधोमध उभे असतो: सम असण्याची शक्यता जेवढी, तेवढीच विषम असण्याची. स्वतःला नास्तिक म्हणवणारी बहुतेक माणसं देवाबाबत अशी मधोमध उभी नसतात. त्यांनी दावा ऐकलेला असतो, त्यावर विचार केलेला असतो आणि तो नाकारलेला असतो. हे मत झालं, आणि मताला कारणं द्यावी लागतात. ‘माझ्याकडे नुसता अभाव आहे’ असं म्हणून कारणं देणं टाळणं आम्हाला प्रामाणिक वाटत नाही. शिवाय नुसत्या अभावालाच नास्तिकता म्हटलं तर तान्हं बाळ नास्तिक ठरतं. अठराव्या शतकातले फ्रेंच विचारवंत बॅरन दॉल्बाक यांनी तसं म्हटलंही होतं. पण त्याच न्यायाने खुर्चीही नास्तिक ठरते. जो प्रश्न समजू शकतो, त्याच्याबद्दलच ‘मानत नाही’ या शब्दांना काही अर्थ असतो.

शब्द आला कुठून

‘नास्तिक’ या शब्दाची सुरुवात देवापासून झालेली नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘अस्तिनास्तिदिष्टं मतिः’ (4.4.60) असं सूत्र आहे. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक, आणि सगळं दैवाने ठरलेलं आहे अशी ज्याची मती तो दैष्टिक. आता ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणजे काय? सूत्राचे भाष्यकार सांगतात: परलोक. मनुस्मृतीत ‘नास्तिको वेदनिन्दकः’ (2.11) असं येतं, तिथे कसोटी वेदांची. ईश्वर मानणं-न मानणं हा आज रूढ असलेला तिसरा अर्थ. त्याच्यासाठी ‘निरीश्वरवादी’ हा शब्द अधिक नेमका, पण त्यातला ‘वाद’ ऐकला की तो आधीच एक सिद्धान्त असल्यासारखा भासतो.

पाणिनीच्या सूत्रातला ‘मती’ हा शब्द आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नास्तिक म्हणजे मत नसलेला नव्हे, तर ‘नाही’ असं मत असलेला. त्यापुढे मात्र सूत्र काहीच सांगत नाही. त्या माणसाने कसं वागावं, समाज कसा चालवावा, ज्ञान कशाने मिळवावं, यातलं काहीही त्यात नाही.

तिन्ही कसोट्या एकमेकींत मिसळल्या की घोळ होतो. सांख्य आणि मीमांसा ही दर्शनं परंपरेने आस्तिक, कारण ती वेद प्रमाण मानतात. पण ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतल्या 25 तत्त्वांमध्ये ईश्वर नाही. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय, म्हणजे कुणीही न रचलेले. त्यामुळे त्यांना रचणारा ईश्वरही लागत नाही. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाने श्लोकवार्तिकात जगाच्या निर्मात्यावर सरळ प्रश्न टाकले: करुणेपोटी जग निर्माण केलं म्हणता, तर जीवच नव्हते तेव्हा करुणा कुणाची आली? आणि करुणाच होती, तर नुसतं सुखाचं जग का निर्माण केलं नाही? हे लिहिणारा माणूस वेदांचा कट्टर समर्थक होता. उलट बौद्ध आणि जैन वेद मानत नाहीत म्हणून नास्तिक गणले गेले, पण कर्म आणि पुनर्जन्म दोघांनाही मान्य.

एकच नकार, पाच वेगळी घरं

नास्तिकता ही विचारप्रणाली आहे का, याचं उत्तर शोधायला ही दर्शनं म्हणजे जणू तयार प्रयोगशाळा आहे. चार्वाक, बौद्ध, जैन, सांख्य आणि भाट्ट (म्हणजे कुमारिल भट्टाच्या परंपरेतली) मीमांसा, या पाचांपैकी कुणालाही जग निर्माण करणारा ईश्वर लागत नाही. आता बाकीच्या प्रश्नांवर ते किती एकमताने बोलतात ते पाहू.

पुनर्जन्म? चार्वाक नाही म्हणतो, उरलेले चारही हो म्हणतात. आत्मा? बौद्धांना नित्य आत्मा मान्य नाही. जैनांना असंख्य जीव मान्य. चार्वाकाच्या मते पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार भूतं एकत्र आली की त्यातूनच जाणीव उपजते. ज्ञान मिळण्याचे खात्रीचे मार्ग, म्हणजे प्रमाणं किती? चार्वाक 1 मानतो, फक्त प्रत्यक्ष. तर्कशास्त्रज्ञ दिङ्नागाच्या परंपरेतले बौद्ध 2 मानतात, सांख्य 3, भाट्ट मीमांसा 6. यज्ञ करावेत का? मीमांसकाचा सगळा खटाटोप यज्ञांसाठीच. जैनांना त्यातली हिंसा अमान्य. चार्वाकाला तो निव्वळ पोटभरूपणा वाटतो.

म्हणजे ‘निर्माता ईश्वर नाही’ एवढं मान्य केल्यावर ज्ञानाची साधनं किती, इतका मूलभूत प्रश्नही सुटत नाही. विचारप्रणालीचं तसं नसतं. एखादा माणूस मार्क्सवादी आहे एवढं कळलं तरी खाजगी मालमत्तेबद्दल, इतिहासाबद्दल, राज्यसंस्थेबद्दल तो साधारण काय म्हणेल, याचा अंदाज बांधता येतो. माणूस नास्तिक आहे एवढंच कळलं तर त्याच्या राजकारणाबद्दल काहीच कळत नाही. विसाव्या शतकातलंही उदाहरण आहे. लेनिन आणि अमेरिकन लेखिका आयन रँड दोघेही कट्टर निरीश्वरवादी. एकाने खाजगी भांडवल मोडायला क्रांती केली, दुसरीने खाजगी भांडवलालाच नैतिक आदर्श ठरवलं. फ्रान्समध्ये 1970च्या दशकात उभी राहिलेली रायेलपंथी चळवळही देव नाकारते, पण परग्रहावरून आलेल्या प्रगत माणसांनी पृथ्वीवरची जीवसृष्टी घडवली असं शिकवते. देव न मानल्याने माणूस आपोआप विज्ञाननिष्ठ होत नाही. ब्रिटनमधल्या केंट विद्यापीठातून चाललेल्या सहा देशांच्या अभ्यासाचा 2019चा अहवालही हेच सांगतो: देव न मानणाऱ्यांपैकी अलौकिक असं काहीच न मानणारे प्रत्येक देशात अल्पसंख्य निघाले.

विचारप्रणालीत काय काय असावं लागतं

‘आयडिऑलॉजी’ हा शब्द 1796 मध्ये फ्रेंच विचारवंत देस्त्यूत द त्रासी याने घडवला. त्याच्या मनातला अर्थ होता कल्पनांचं शास्त्र. आजचा अर्थ वेगळा आहे. आज आपण ज्याला विचारप्रणाली म्हणतो, त्यात किमान चार भाग असतात. जग कसं चालतं याचं वर्णन. त्यात चांगलं काय आणि वाईट काय, याचं मूल्यमापन. ते बदलायचा किंवा टिकवायचा कार्यक्रम. आणि तो कुणी कुणाविरुद्ध राबवायचा, म्हणजे ‘आपण’ कोण याची ओळख. हे चार भाग एकमेकांना टेकून उभे असतात. एक हलवला की दुसरे हलतात.

‘देव नाही’ या विधानात पहिल्या भागाचा एक तुकडा आहे. बाकी तीन भाग रिकामे. धर्माच्या चौकटीतून पाहिलं तरी हेच दिसतं. धर्माचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी धर्माची सात अंगं सांगितली: विधी, कथा, अनुभव, संस्था, नीती, सिद्धान्त आणि वस्तुरूप अंग, म्हणजे वास्तू, मूर्ती वगैरे. नुसत्या नास्तिकतेत फार तर सिद्धान्ताचा एक धागा सापडेल.

इथे एक चूक वारंवार होते. माणूस ठामपणे बोलतो, तावातावाने वाद घालतो, म्हणून त्याचं म्हणणं ‘विचारप्रणाली’ ठरवलं जातं. पण ठामपणा आणि व्याप्ती या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी 2006 मध्ये ठामपणा मोजायची 1 ते 7 अशी पट्टी मांडली: 1 म्हणजे देव आहे याची पूर्ण खात्री, 7 म्हणजे नसल्याची पूर्ण खात्री. स्वतःला त्यांनी 6 वर ठेवलं. या पट्टीवर 7 वर बसलेल्या माणसाचंही ते एकच मत असू शकतं. उलट 4 वर बसलेला, म्हणजे पूर्ण अनिश्चित असलेला माणूस भक्कम विचारप्रणालीचा असू शकतो. देवाचा प्रश्न तिच्यात येतच नसेल. मत किती घट्ट आहे यावरून ते किती रुंद आहे हे कळत नाही.

‘नास्तिकतेलाही श्रद्धा लागते’ हे कितपत खरं

इंग्रजीतल्या ‘बिलीफ’ या एका शब्दात श्रद्धा, विश्वास, समजूत, धारणा, मत हे सगळं कोंबलेलं असतं. त्यामुळे तिथे ‘एथिइझम हा बिलीफ आहे’ असं सहज म्हणता येतं. मराठीत हे शब्द वेगळे आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत. ‘उद्या पाऊस पडेल’ ही समजूत असते. मित्रावर विश्वास असतो. श्रद्धेत आदर, शरणभाव आणि स्वतःला वाहून घेणं येतं. ‘देव नाही’ असं ज्याला वाटतं त्याचं ते मत आहे, धारणा आहे. त्या ‘नाही’पुढे तो हात जोडत नाही, त्याच्याकडे काही मागत नाही.

यावर उत्तर येतं: पण देव नाही हे सिद्ध कुठे करता येतं? अमुक नाही हे कधीच सिद्ध होत नाही, म्हणून ती श्रद्धाच. हे चुकीचं आहे. सर्वांत मोठी मूळ संख्या नाही, हे युक्लिडच्या काळापासून सिद्ध आहे. जगातल्या वस्तूंबाबतही ‘नाही’ हे कळू शकतं. भाट्ट मीमांसकांनी तर त्यासाठी सहावं प्रमाणच मानलं: अनुपलब्धी. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून घट नाही हे कळतं. मात्र एक अट आहे. ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही तर तो नाही असं म्हणता येत नाही. आणि पिशाच दिसत नाही एवढ्यावरून ते नाही असंही म्हणता येत नाही, कारण ते दिसण्याजोगं मानलेलंच नाही.

हीच कसोटी देवाला लावली की कळतं, उत्तर ‘कोणता देव’ यावर अवलंबून आहे. जो देव प्रार्थना ऐकून रोग बरे करतो, त्याच्या खुणा जगात दिसायला हव्यात. त्या शोधता येतात आणि सापडल्या नाहीत तर ‘नाही’ म्हणता येतं. सर्वशक्तिमान आणि पूर्ण दयाळू अशा देवाबाबत जगातलं दुःख हा थेट विरोधी पुरावा म्हणून मांडला जातो. कुमारिलाचा दुसरा प्रश्न याच जातीचा. पण ज्याने जग एकदा सुरू करून दिलं आणि नंतर कधीच लक्ष घातलं नाही, अशा देवाच्या बाबतीत अनुपलब्धी काहीच सांगू शकत नाही. म्हणून एकच माणूस पहिल्या देवाबाबत ठाम नास्तिक आणि तिसऱ्याबाबत अज्ञेयवादी असू शकतो, आणि त्यात काहीही विसंगती नाही. (‘ॲग्नॉस्टिक’, म्हणजे अज्ञेयवादी, हा शब्द इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सले यांनी 1869 मध्ये रूढ केला. तो ज्ञानाबद्दल बोलतो: कळलेलं नाही, किंवा कळण्यासारखं नाही. नास्तिकता मानण्याबद्दल बोलते. त्यामुळे ‘कळण्यासारखं नाही, म्हणून मानत नाही’ असं म्हणणारा एकाच वेळी दोन्ही असतो.)

आणखी एक वाट आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांनी 1936 मध्ये म्हटलं, की पडताळून पाहायची कुठलीच रीत नसेल तर ‘देव आहे’ हे विधान खरं-खोटं काहीच नाही, ते निरर्थक आहे. मग त्याचा नकारही निरर्थक. म्हणून आपली भूमिका नास्तिक नाही आणि अज्ञेयवादीही नाही, असा त्यांचा दावा होता.

मत असल्याची एक साधी खूण म्हणजे ते पुराव्यापुढे बदलू शकतं. सुरुवातीला आलेले अँटनी फ्लू आयुष्यभर निरीश्वरवादाचे नामवंत पुरस्कर्ते होते. 2004 मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, आपण आता एक आदिकारण, म्हणजे जगामागचं मूळ कारण, मानतो असं त्यांनी जाहीर केलं. त्यांची कारणं अनेकांना पटली नाहीत. पण हा बदल कारणांच्या भाषेत झाला.

मग विचारप्रणाली तयार कधी होते

नास्तिकतेत दुसरं काही मिसळलं की. हे दुसरं काय आहे ते ओळखता आलं पाहिजे, कारण ते बरेचदा नास्तिकतेच्याच नावावर खपतं.

जगात भौतिक पदार्थ आणि त्यांचे नियम यापलीकडे काही नाही, हा भौतिकवाद. कुठलीही गोष्ट बुद्धीला पटल्याशिवाय स्वीकारायची नाही, हा बुद्धिप्रामाण्यवाद. राज्याने कुठल्याही धर्माची बाजू घ्यायची नाही, ही धर्मनिरपेक्षता. तिला नास्तिकतेची अजिबात गरज नाही, भाविक माणूसही तिचा खंदा समर्थक असू शकतो. धर्म हानिकारक आहेत म्हणून त्यांना विरोध करायचा, हा धर्मविरोध. हा मात्र कार्यक्रम झाला. माणसाचं हित आणि प्रतिष्ठा हेच नीतीचं मूळ, हा मानवतावाद. मानवतावादाला विचारप्रणाली म्हणायला आमची काहीच हरकत नाही. त्याच्याकडे वर्णन आहे, मूल्यं आहेत, संघटना आहे, जाहीरनामाही आहे: 1952चा ॲमस्टरडॅम जाहीरनामा, पुढे 2002 आणि 2022 मध्ये सुधारलेला.

आंध्रात गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे गोरा, यांनी 1940 मध्ये नास्तिक केंद्र सुरू केलं. त्यांनी नास्तिकतेला जीवनपद्धती मानलं. अस्पृश्यतेविरुद्ध काम, सहभोजनं, आंतरजातीय विवाह हे सगळं त्यात आलं. नास्तिकता विचारप्रणाली होऊ शकते याचं हे उत्तम उदाहरण. पण नीट पाहिलं तर दिसतं, की गोरांना ‘देव नाही’च्या शेजारी ‘माणूस स्वतंत्र आहे आणि म्हणून जबाबदार आहे’ हे दुसरं विधान ठेवावं लागलं. सगळं काम त्या दुसऱ्या विधानातून निघालं. बुद्धाच्या काळातला आजीवक पंथ घ्या. तेही वेदांना न जुमानणारे नास्तिकच, पण त्यांच्या मते सगळं नियतीने ठरलेलं. त्यांच्यापासून गोरांच्या कार्यक्रमापर्यंत पोचताच आलं नसतं.

इतिहासातली काळी पानंही याच रीतीने वाचावी लागतात. सोव्हिएत संघात 1925 मध्ये देवहीनांचा संघ स्थापन झाला; 1929 मध्ये त्याच्या नावात ‘लढाऊ’ हा शब्द आला. अल्बानियाने 1967 मध्ये प्रार्थनास्थळं बंद केली आणि 1976च्या राज्यघटनेच्या कलम 37 मध्ये, राज्य कुठलाही धर्म मानत नाही आणि निरीश्वरवादी प्रचाराला पाठिंबा देतं, असं लिहून टाकलं. यात माणसं चिरडली गेली. ‘त्याचा नास्तिकतेशी काही संबंध नाही’ असं म्हणणं खोटं आहे. नास्तिकता त्या यंत्राचा एक भाग होती आणि छळाचं लक्ष्य तिच्यामुळेच ठरत होतं. पण भाविकाला तुरुंगात टाका हा आदेश ‘देव नाही’ यातून निघत नाही. तो निघाला कम्युनिस्ट पक्षाकडे इतिहासाचं अंतिम सत्य आहे या दाव्यातून, आणि त्या सत्याआड येणाऱ्याला हटवायचा पक्षाला हक्क आहे या समजुतीतून. फ्रेंच राज्यक्रांतीत 10 नोव्हेंबर 1793 रोजी पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चमध्ये विवेकदेवीचा उत्सव झाला. पुढच्याच वर्षी क्रांतीचा नेता रोबेस्पिएर याने नास्तिकतेला विरोध करत ‘परमात्म्याचा’ पंथ सुरू केला. शिरच्छेदाचं यंत्र, गिलोटिन, दोन्ही काळांत चालूच होतं.

अलीकडची चळवळ पाहिली तर हीच फट आतून दिसते. 2006 नंतर धर्मावर उघड टीका करणारी जी चळवळ ‘नवनास्तिकता’ नावाने ओळखली गेली, तिच्यातल्या लोकांमध्ये स्त्रियांशी वागणूक, वंशभेद अशा सामाजिक प्रश्नांवरून फूट पडली. 2012 मध्ये त्यातल्या काहींनी ‘एथिइझम प्लस’ असं वेगळं नाव घेतलं. ते ‘प्लस’ लावावं लागलं, कारण सामाजिक न्याय नुसत्या नास्तिकतेत सापडत नव्हता.

एक लोकप्रिय उपमा अशी आहे: नास्तिकतेला धर्म म्हणणं म्हणजे टपालाची तिकिटं न जमवण्याला छंद म्हणणं. उपमा चटकदार आहे, पण ती समाज विसरते. सगळं गाव तिकिटं जमवत असेल, लग्न, वारसा, शाळाप्रवेश, शपथ सगळं तिकिटांच्या वहीवर चालत असेल, तर न जमवणारा माणूस उठून दिसतो. त्याला रोज उत्तरं द्यावी लागतात. त्याच्यासारखे चार जण एकत्र येतात, संघटना काढतात, एकमेकांना सांभाळतात. नास्तिकांच्या संघटना अशाच तयार झाल्या. त्यामुळे ‘आपण’ ही ओळख तयार होते, आणि विचारप्रणालीचा चौथा भाग पहिल्या तिघांच्या आधीच हजर होतो. बाहेरून पाहणाऱ्याला इथे विचारप्रणाली दिसते. ती खरं तर बाजूला पडलेल्यांची एकजूट असते.

कायदा काय म्हणतो

न्यायालयं कधी कधी नास्तिकतेला धर्माच्या रांगेत बसवतात, आणि मग ‘बघा, कोर्टानेच धर्म म्हटलं’ असं ऐकू येतं. न्यायालयाचा प्रश्न वेगळा असतो. त्याला संरक्षण कुणाला द्यायचं ते ठरवायचं असतं.

हे संरक्षण का लागलं, ते ब्रिटिश नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या प्रकरणातून कळतं. 1880 मध्ये ते ब्रिटिश संसदेवर निवडून आले. देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी प्रतिज्ञा करू द्या, अशी मागणी त्यांनी केली. ती नाकारली गेली. मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं, तरी जागा मिळायला 1886 उजाडलं. त्यांच्याच प्रयत्नांतून 1888चा शपथ कायदा आला आणि प्रतिज्ञेचा पर्याय मिळाला. भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत हे दोन्ही पर्याय आहेत: ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये एकमताने ठरवलं, की सरकारी पदासाठी देव मानत असल्याचं जाहीर करण्याची सक्ती करता येत नाही. 2005 मध्ये तिथल्याच एका अपील न्यायालयापुढे विस्कॉन्सिनच्या तुरुंगातल्या कैद्याचं प्रकरण आलं. त्याला नास्तिकांचा अभ्यासगट हवा होता. न्यायालयाने घटनात्मक संरक्षणापुरतं त्याच्या नास्तिकतेला धर्माचं स्थान दिलं, म्हणजे इतर धार्मिक गटांना मिळतं ते त्यालाही मिळावं.

सर्वांत नेमकी भाषा सापडते ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीच्या 1993 मधल्या 22 क्रमांकाच्या सर्वसाधारण भाष्यात. त्यात ईश्वरवादी, ईश्वराशिवायच्या आणि निरीश्वरवादी धारणांना संरक्षण आहे, आणि त्याला जोडूनच कुठलाही धर्म किंवा धारणा न बाळगण्याचा हक्कही सांगितला आहे. म्हणजे ‘उलट मानणं’ आणि ‘न मानणं’ दोन्ही वेगवेगळी नोंदवली. ब्रिटनमध्ये 2009च्या एका निकालाने तात्त्विक धारणेला संरक्षण मिळायच्या पाच कसोट्या घालून दिल्या: ती मनापासूनची हवी, सध्याच्या माहितीवर बेतलेलं नुसतं मत नको, मानवी जीवनाच्या महत्त्वाच्या अंगाशी संबंधित हवी, तिच्यात गांभीर्य आणि सुसंगती हवी, आणि लोकशाही समाजात आदर मिळण्याजोगी हवी. 2010च्या समता कायद्यात तर धर्म किंवा धारणा नसणं हेही संरक्षित आहे, त्यामुळे तिथल्या नास्तिकाला आपली विचारप्रणाली आहे असा आव आणावा लागत नाही.

भारतात राज्यघटनेचं कलम 25 सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं, की कुणालाही आपला धर्म सांगायला भाग पाडता येत नाही आणि ‘कोणताही धर्म नाही’ असं म्हणायचा हक्क नागरिकाला आहे. पण 1955चा हिंदू विवाह कायदा वेगळ्या पद्धतीने चालतो. हिंदू कुटुंबात जन्मलेल्या माणसाने देव मानणं सोडलं तरी तो त्या कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. धार्मिक कायदा नको असेल तर 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न नोंदवावं लागतं.

समोरच्या माणसाला कुठे ठेवायचं

स्वतःबद्दल किंवा दुसऱ्याबद्दल हे ठरवायचं असेल तर काही प्रश्न क्रमाने विचारावेत. देव या शब्दाचा कोणता अर्थ धरला आहे? त्या अर्थाने ‘देव नाही’ असं म्हणायचं आहे, की ‘मानायला कारण दिसत नाही’ एवढंच? कारणं विचारली तर सांगता येतात का? कोणता पुरावा मिळाला तर मत बदलेल? इथवरचे प्रश्न मताबद्दल आहेत. पुढचा प्रश्न व्याप्तीचा: नीती, राज्य, शिक्षण, विज्ञान याबद्दलच्या भूमिका ‘देव नाही’ यातून निघाल्या असा दावा आहे का? असेल, तर मधली कोणती विधानं गाळली आहेत? ती गाळलेली विधानं कागदावर लिहून काढली की बहुतेक वेळा विचारप्रणालीचं खरं नाव सापडतं: भौतिकवाद, मानवतावाद, मार्क्सवाद, उदारमतवाद, राष्ट्रवाद. वाद घालायचा तर त्या नावाशी घालावा. ‘नास्तिकांची नीती काय?’ हा प्रश्न ‘शाकाहारी लोकांचं अर्थशास्त्र काय?’ या प्रश्नाइतकाच मोघम आहे.

नाव कोणतं सांगायचं हे ऐकणाऱ्यावरही अवलंबून असतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी 1947 मध्ये याचा खुलासा केला होता. तत्त्वज्ञांपुढे बोलताना आपण स्वतःला अज्ञेयवादी म्हणू, कारण देव नाही याची निर्णायक सिद्धता आपल्याकडे नाही. रस्त्यावरच्या सामान्य माणसाला मात्र नास्तिक असंच सांगू. कारण झ्यूस, हेरा, पोसायडन हे प्राचीन ग्रीक देव नाहीत याची तर्कशुद्ध सिद्धता द्यायला बसलं तर तीही जमणार नाही, आणि तरीही ते कदाचित असतील असं कुणी गंभीरपणे म्हणत नाही.